सरकार ग्राहकासाठी भांडतं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमधे आणि मेसेजेसमधे बहुतेकांची तक्रार वेगवेगळी आहे पण विचारणं एकच, की सरकारचं कुठलं ऑफिस आपल्या बाजूनं उभं राहतं आणि तिथे नेमकं काय घेऊन जायचं. ही माहिती आपल्याकडे घराघरात असायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच.

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्या घराच्या कामाचे पैसे घेऊन ठेकेदार गायब झाला तर तिनं तिथल्या राज्याच्या अटर्नी जनरलच्या ऑफिसात तक्रार केली आणि त्यांनी खरंच दखल घेतली. इथे माझ्याकडून मॉड्युलर किचनवाल्यानं 1 लाख 80 हजार रुपये ॲडव्हान्स घेतला, चार महिने झाले, ओट्याखाली नुसते सांगाडे ठोकून गेलाय, फोन उचलत नाही. आपल्याकडेही महाधिवक्ता असतात ना, त्यांना पत्र लिहू का? — एक काकू, लोकमान्यनगर, इंदूर

काकू, पत्र लिहू नका, उपयोग होणार नाही. आपले महाधिवक्ता म्हणजे राज्यघटनेच्या कलम 165 प्रमाणे राज्य सरकारचे कायदेशीर सल्लागार, सरकारवर केस झाली की हायकोर्टात सरकारची बाजू मांडणारे. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणं हे त्यांचं कामच नाही. नाव ऐकायला सारखं वाटतं पण अमेरिकेतलं राज्याचं अटर्नी जनरल ऑफिस फार वेगळं असतं. तिकडच्या 43 राज्यांत हा माणूस चक्क निवडणुकीत निवडून येतो, न्यू जर्सीत मात्र गव्हर्नर नेमतात, आणि तिथला ग्राहक विभाग याच ऑफिसच्या हाताखाली आहे. घरदुरुस्तीच्या ठेकेदारांना त्याच विभागाकडे रजिस्ट्रेशन करावं लागतं, त्यामुळे तिथून पत्र गेलं की ठेकेदाराला धंद्याचीच काळजी पडते.

पण तिथेही एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ते ऑफिस तुमच्या मुलीचं वकील होत नाही. तिची तक्रार ते त्या ठेकेदाराकडे पाठवतील, मधे पडून मिटवायचा प्रयत्न करतील, पण कोर्टात जातात ते राज्याच्या नावानं, सगळ्या जनतेसाठी. एकाच कंपनीबद्दल ढीगभर तक्रारी आल्या की ते कागदपत्रं मागवतात, चौकशी करतात, केस ठोकतात, आणि मग एक तर तो प्रकार बंद करायचा हुकूम मिळवतात, दंड लावतात, किंवा लोकांचे पैसे परत करायला लावतात. 1998 मधे सिगरेट कंपन्यांशी 46 राज्यांच्या अटर्नी जनरलनी मिळून जो करार केला त्यात कंपन्यांना वर्षानुवर्षं राज्यांना पैसे द्यायचं कबूल करावं लागलं आणि जाहिरातींवरही बंधनं आली. 2012 मधे घरकर्जाच्या घोटाळ्यात 49 राज्यं आणि केंद्र सरकार पाच मोठ्या बँकांसमोर एकत्र उभे राहिले, 25 अब्ज डॉलरचा समझौता झाला. एकट्या गिऱ्हाइकाला हे जन्मात जमलं नसतं, आणि माझ्या मते त्या व्यवस्थेतलं घेण्यासारखं हेच आहे, की तुमची तक्रार एकटी राहत नाही, ती इतरांच्या तक्रारींना जाऊन मिळते.

आपल्याकडे हे सगळं एका छताखाली नाहीये, तुकड्या-तुकड्यांत वाटलेलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा (लागू झाला जुलै 2020 मधे), त्याच्या कलम 35 मधे लिहिलंय की ग्राहकांतर्फे केंद्र किंवा राज्य सरकारसुद्धा ग्राहक आयोगात (म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्टच म्हणा) तक्रार दाखल करू शकतं. कलम 16 प्रमाणे जिल्ह्याचा कलेक्टर फसव्या जाहिराती आणि अनुचित व्यापाराची चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला रिपोर्ट पाठवू शकतो. आणि हे प्राधिकरण दिल्लीत बसून अख्ख्या देशातल्या ग्राहकांच्या वतीनं माल परत मागवायचे आदेश देतं, खोट्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे अधिकार आहेत, पण कलेक्टरला हा अधिकार आहे हे किती जणांना माहीत असतं? मंगळवारच्या जनसुनवाईत लोक पट्टे, पेन्शन, रस्ता, नाली घेऊन जातात, ग्राहकाची तक्रार घेऊन जायचं डोक्यातच येत नाही. तुमच्या किचनवाल्यानं आणखी पाच-सात घरांत असंच केलं असेल (आणि असे लोक बहुधा एकाच घरी थांबत नाहीत) तर त्या सगळ्यांनी मिळून कलम 16 आणि 17 चा (लेखी तक्रार कलेक्टरकडे देता येते हे 17 मधे आहे) उल्लेख करून कलेक्टरकडे लेखी अर्ज द्यावा, आवक नंबर घ्यावा. सरकार उतरलं म्हणजे निकाल आपल्याच बाजूनं लागतो असं समजू नका मात्र. 2015 मधे मॅगी नूडल्सच्या प्रकरणात केंद्र सरकारनं स्वतः राष्ट्रीय ग्राहक आयोगात नेस्ले कंपनीवर 640 कोटींचा दावा लावला होता आणि 2024 मधे तो फेटाळला गेला.

म्हणून तुमचे 1 लाख 80 हजार परत मिळवायचे तर मुख्य रस्ता तुमचा तुम्हालाच धरायचाय, तो म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. घाबरू नका, वकील लागतोच असं नाही, आणि तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत आहे म्हणून फी शून्य. हे बघताना तुम्ही दिलेले पैसे मोजतात, मागितलेली भरपाई नाही. जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, त्याच्यावर 2 कोटींपर्यंत भोपाळला राज्य आयोग, त्याच्याही पुढे दिल्ली.

आधी नोटीस पाठवा. स्पीड पोस्टनं, दुकानाच्या आणि त्याच्या घरच्या दोन्ही पत्त्यांवर, आणि तीच व्हॉट्सॲपवरही. नोटीस म्हटलं की लोक पानभर राग लिहितात, त्यानं काही होत नाही. चार गोष्टी पुरतात: कधी काय ठरलं, किती पैसे कसे दिले, काय झालं नाही, आता काय हवं. साधारण असं लिहा, हिंदीत लिहिलं तरी चालेल: "अमुक तारखेच्या कोटेशनप्रमाणे तुम्ही माझ्या घरी मॉड्युलर किचन 45 दिवसांत बसवून देणार होतात. मी तुम्हाला यूपीआयनं 1,00,000 आणि चेकनं 80,000 रुपये दिले. आजपर्यंत फक्त खालचे सांगाडे बसवलेत, शटर, ट्रॉली, दगड काहीच आलेलं नाही. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत काम पूर्ण करा किंवा पैसे व्याजासकट परत करा, नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन." बस. खाली सही, तारीख, फोन नंबर.

मग फाइल लावायला घ्या. कोटेशन, बँकेचं स्टेटमेंट (ज्या एन्ट्रीज आहेत त्यांच्यावर पेनानं गोल करा), चॅटचे प्रिंट ज्यात तारीख आणि त्याचा नंबर दिसतोय, सांगाड्यांचे फोटो, नोटीस आणि पोस्टाची पावती. चॅट डिलीट करू नका, फोन बदलायचा असेल तर आधी बॅकअप घ्या. मधेच दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं असेल तर आधीच्या अर्धवट कामाचे फोटो आणि व्हिडिओ काढूनच हात लावू द्या, नाहीतर पुरावाच झाकला जातो. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे मी आधीच सांगून ठेवते, पण समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि फार तर वर 15 मिळतात, 45 च्या पुढे एक दिवसही नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च 2020 मधे पक्कं केलंय. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, तेव्हा "बघू, देईल तो" म्हणत बसू नका.

प्रश्न: मी खंडव्याहून एमपीपीएससीच्या तयारीसाठी इंदूरला आलो, भंवरकुआंला राहतो. कोचिंगमधे पूर्ण वर्षाची फी एकदम घेतली, ज्या सरांचं नाव पोस्टरवर होतं ते शिकवतच नाहीत. तीन आठवड्यांत सोडलं तर म्हणतात फॉर्मवर लिहिलंय फी परत होणार नाही, तू सही केलीयेस. — एक विद्यार्थी

बाळा, सही केली म्हणून सगळं संपत नाही. त्यांनी छापलेल्या एकतर्फी अटीवर तुझी सही आहे, पण पोस्टरवरचा शब्द त्यांनीही पाळायचा होता, आणि तू जे विकत घेतलंस तेच मिळालं नाही हा तुझा मुद्दा आहे. "मला आवडलं नाही म्हणून सोडलं" असं लिहू नकोस, तिथेच केस कमजोर होते. "अमुक सर शिकवतील असं सांगून फी घेतली आणि ते शिकवत नाहीत" असं लिही आणि पोस्टरचा फोटो, त्यांच्या पेजचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेव, कारण तक्रार गेली की पोस्टर बदलतात.

कोचिंगच्या फसव्या जाहिरातींसाठी केंद्रीय प्राधिकरणानं नोव्हेंबर 2024 मधे वेगळ्या गाइडलाइन्स काढल्यात आणि टॉपर मुलांचे फोटो लावून मोठे दावे करणाऱ्या बऱ्याच संस्थांना दंडही केलाय, म्हणजे या बाबतीत सरकार जागं आहे. तू आधी 1915 वर फोन कर, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फुकट आहे, हिंदीत बोलता येतं. ते डॉकेट नंबर देतात आणि संस्थेकडे तक्रार पाठवतात, कितीतरी मुलांची फी या टप्प्यावरच परत झालीये कारण संस्थेला पुढची भानगड नको असते. हेल्पलाइन कोर्ट नाही, ती हुकूम देऊ शकत नाही, तेव्हा संस्था तिथे बधली नाही तर आयोगात जायचं. झालेल्या दिवसांची फी कापून बाकीची माग, पूर्ण मागू नकोस, वाजवी मागणाऱ्याचं लवकर ऐकलं जातं. आणि घरी सांग रे, एकटा सहन करू नकोस. लाजण्यासारखं तू काही केलेलं नाहीस.

प्रश्न: मिठाईवाला डब्यासकट वजन करतो. बोललं की म्हणतो सगळेच करतात. एवढ्याशा गोष्टीसाठी कुठे जायचं? — रामबाग, इंदूर

एवढीशी नाहीये ती. काजूकतली हजार-बाराशे रुपये किलो असेल आणि पुठ्ठ्याचा डबा शंभर ग्रॅमचा, तर शंभर-सव्वाशे रुपयांचा पुठ्ठा तुम्ही घरी आणला. दिवाळीत दिवसभरात त्या काउंटरवरून किती डबे जातात त्याचा हिशोब करून बघा.

यासाठी राज्य सरकारचा नापतौल, म्हणजे वजन-मापं तपासणारा, विभाग आहे, कायदा 2009 चा. आपल्याला वजन निव्वळ मालाचं मिळायला हवं. काट्यावर रिकामा डबा ठेवायला सांगा, आकडा शून्यावर आणायला सांगा, मग मिठाई भरू द्या. तेवढं तोंडानं बोललं तरी बरेच दुकानदार ऐकतात कारण त्यांनाही नियम माहीत असतो. नाही ऐकलं तर भरलेल्या डब्याचा काट्यावरच्या आकड्यासकट फोटो, मग रिकाम्या डब्याच्या वजनाचा फोटो, आणि बिल, एवढं घेऊन नापतौलच्या निरीक्षकाकडे किंवा सीएम हेल्पलाइन 181 वर तक्रार करा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी तपासणी होऊन शिक्का लागतो, त्याचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असायला हवं, तेही बघायला मागा.

पेट्रोलपंपाचंही इथेच सांगते, कारण हा प्रश्न दर वेळी येतो. प्रत्येक पंपावर नापतौलच्या शिक्क्याचं 5 लिटरचं माप ठेवावं लागतं. शंका आली तर ते काढायला सांगा आणि तुमच्यासमोर त्यात 5 लिटर पेट्रोल भरायला लावा, 25 मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरलं तर मशीनमधे गडबड आहे. मागे गाड्यांची लाइन असते, लोक हॉर्न वाजवतात, तरी मागा, तुमचा हक्क आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं, पॅकेटवर तारीख किंवा वजन नसणं, हेही सगळं याच विभागाचं काम.

प्रश्न: माझं वय 71. यजमान गेले. त्यांच्या हॉस्पिटलचा क्लेम विमा कंपनीनं "आधीपासूनचा आजार" सांगून नाकारला. वकील करायची ऐपत नाही. — एक आजी, सुदामानगर

आजी, आधी वाईट वाटलं तुमचं पत्र वाचून, आणि मग राग आला, की या वयात तुम्हाला ही फाइल हातात घेऊन फिरावं लागतंय.

तुम्हाला वकील फुकट मिळतो, आणि तो कुणाची मेहरबानी म्हणून नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायचा हक्क आहे. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कामगार यांनाही, आणि बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा कोर्टात जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साधा अर्ज आणि आधार कार्ड घेऊन कुणाला तरी सोबत न्या, किंवा घरून 15100 वर फोन करा. ग्राहक आयोगातली केससुद्धा यात बसते, कोणी नाही म्हणालं तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा सांगा. राज्याची जी कायदेशीर मदत खऱ्या अर्थानं एकट्या माणसाच्या बाजूला येऊन बसते ती हीच, आणि लोकांना ती फक्त फौजदारी केससाठी असते असं वाटतं.

तुमच्या बाबतीत मात्र वकिलाच्याही आधी एक सोपी वाट आहे. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र द्या की कुठल्या कागदावरून आजार आधीपासूनचा ठरवला ते दाखवा. महिनाभर वाट बघा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एक वर्षाच्या आत भोपाळच्या विमा लोकपालाकडे अर्ज करा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ तिथेच येतं. फी नाही, वकील तिथे चालतच नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद ते बघतात. फक्त ध्यानात ठेवा, आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका. आधी लोकपाल करा, तिथे समाधान नाही झालं तर आयोग आहेच. डिस्चार्ज समरी, पॉलिसीचं सगळं पुस्तक (फक्त पहिलं पान नाही), नाकारल्याचं पत्र आणि जुने तपासणीचे रिपोर्ट जपा. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घ्या की हा आजार पहिल्यांदा कधी कळला. बहुतेक केस त्या एका तारखेवर फिरते.

प्रश्न: बडोद्याला राहतो, लॅपटॉप ऑनलाइन घेतला, कंपनी बेंगळुरूची. बिलावर "वाद फक्त बेंगळुरूच्या कोर्टात" असं छापलंय. — कारेलीबाग, वडोदरा

छापू द्या. 2019 च्या कायद्यानं ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही वडोदऱ्यातच करा. जुन्या कायद्यात हे नव्हतं, त्यामुळे पूर्वीचा अनुभव असलेले लोक चुकीचा सल्ला देतात. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. आणि लॅपटॉप खराब निघाला असेल तर बिलात मुदत दिली नसेल तेव्हा 30 दिवसांच्या आत माल परत घ्यायला नकार देणं हाच अनुचित व्यापार ठरतो, तेही तक्रारीत घाला.

प्रश्न: आयोगात जिंकलो. आदेश झाला, दुकानदार पैसे देत नाही. आता? — स्नेहलतागंज, इंदूर

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत, कारण कितीतरी लोक आदेशाची कॉपी कपाटात ठेवून गप्प बसतात. आधी बघा त्यानं अपील केलंय का. अपिलाला 45 दिवस असतात आणि त्याला आदेशातली अर्धी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे नुसतं "आम्ही वरती जाणार" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, भोपाळच्या अपिलाचा नंबर मागा.

अपील नसेल तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज लावा. कलम 71 खाली आयोग दिवाणी कोर्टासारखी वसुली करू शकतो, बँक खातं, मालमत्ता यावर जप्ती आणू शकतो, तेव्हा त्याचा चेक किंवा यूपीआयचा जुना तपशील शोधून ठेवा, खातं कुठल्या बँकेत आहे ते त्यावरूनच कळतं. कलम 72 चा अर्ज वेगळा, त्यात आदेश न पाळल्याबद्दल एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25 हजार ते 1 लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन्ही अर्ज लावता येतात. आदेशाची प्रमाणित प्रत, आणि ती त्याला पोचल्याचा पुरावा, हे दोन कागद आधी हातात घ्या आणि मगच आयोगाच्या ऑफिसात जा.